ब्रायटनचं बीड

पहिला दिवस

बीड म्हटलं की लोकांना आधी जिल्हा आठवतो, मग तवा. मला भट्टी आठवते. आयुष्याची अडतीस वर्षं मी फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून काढली. लाकडाचा पॅटर्न घडवायचा, त्याच्याभोवती वाळू ठोकायची, पॅटर्न अलगद काढून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. कास्टिंग ट्रकमधून निघून जातं, पॅटर्न परत फळीवर जाऊन बसतो. निवृत्तीनंतर हे खूळ सुटेल असं हिला वाटलं होतं. सुटलं नाही. कुठल्याही गावात गेलो तरी माझी नजर आधी गटाराच्या झाकणावर जाते.

लेक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनला राहते. नोव्हेंबर संपता संपता आम्ही दोघं तिच्याकडे पोचलो. तिने चार दिवसांची रजा काढली होती आणि यादीही करून ठेवली होती. यादीत राजवाडा होता, दुकानांच्या अरुंद गल्ल्या होत्या, खडूचे पांढरे कडे होते. मी म्हटलं, आधी समुद्रावर जाऊ.

साडेतीनला बाहेर पडलो आणि चारच्या सुमाराला सूर्य बुडाला. इथल्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. लाट मागे सरते तेव्हा त्या गोट्यांचा खळखळाट होतो, कोणीतरी पोत्यातून सुपाऱ्या ओतल्यासारखा. रस्त्याच्या कडेने निळसर हिरव्या रंगाचा कठडा धावत होता आणि ठरावीक अंतरावर नक्षीचे दिव्याचे खांब होते. मी हातमोजा काढला, खिशातलं नाणं काढलं आणि एका खांबाला टिचकी मारली. टण्ण. छान, लांब वाजला. पुढच्या खांबाला मारली, तोही वाजला. तिसरा बद्द बोलला.

"बाबा, लोक बघतायत," लेक म्हणाली.

"बघू देत. हा आतून गेलाय."

बिडाला तडा गेला, किंवा ते आतून खाल्लं गेलं, की आवाज मरतो. रंगाखाली काही दिसत नाही, पण कानाला कळतं. आमच्याकडे फेटलिंगवाले, म्हणजे ओतलेला नग घासून साफ करणारे पोरगे प्रत्येक कास्टिंगला हातोडी लावून मगच बाजूला ठेवायचे. तिसऱ्या खांबाच्या बुडाशी बोटांनी चाचपलं तर रंगाचा थर फुगला होता आणि त्याच्या आत काहीतरी भुसभुशीत लागलं. ही मागून थर्मास घेऊन आली आणि माझा हात पुसून दिला.

रात्री पॅलेस पिअरवर गेलो. समुद्रात १,७२२ फूट आत गेलेला हा धक्का १८९९ मध्ये उघडला. वर दिवे, पाळणे, खेळांच्या यंत्रांचा गोंगाट. मला त्याचे पाय बघायचे होते, म्हणून खाली गोट्यांवर उतरलो. अंधारात खांबांचं जंगल उभं होतं आणि वरून कुठल्यातरी यंत्रात पडणाऱ्या नाण्यांचा आवाज येत होता. दहा मिनिटं उभा राहिलो आणि थंडीने हाकलून लावलं.

झोपताना एक विचार डोक्यात राहिला. आमच्या धंद्यात जुन्या कास्टिंगला भंगार म्हणतात, आणि ती शिवी नाही. चांगलं जुनं बीड म्हणजे भट्टीचं आवडतं खाणं. वितळवा, पुन्हा ओता, पुन्हा नवं. मग इथले लोक जुन्या बिडासाठी एवढे का झुरतात? लेकीने आदल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं की इथे बिडाच्या कमानी वाचवायला लोकांनी वर्गणी काढली. मी हसलो होतो.

दुसरा दिवस

सकाळी मदिरा टेरेसला गेलो. दिवसभर तिथेच होतो म्हटलं तरी चालेल. हिने शेवटी दगडी पायरीवर बैठक मारली आणि विणकाम काढलं.

जागा आधी डोळ्यासमोर आणायला हवी. पिअरच्या पूर्वेला किनारा उंचावतो. वर घरांच्या ओळीसमोरून मरीन परेड हा रस्ता जातो. खाली समुद्राच्या पातळीवर मदिरा ड्राइव्ह हा दुसरा. मध्ये उभी भिंत, दोन-तीन मजली उंच. त्या भिंतीला टेकून, खालच्या रस्त्याच्या कडेने, बिडाच्या कमानींची एक रांग उभी केली आहे आणि त्या कमानींच्या डोक्यावर चालायला गच्चीसारखा लांब पदपथ आहे. कमानींखाली सावली, कमानींवर ऊन. कमानी १५१. लांबी ८६५ मीटर. ब्रायटन नगरपालिकेचे सर्व्हेअर फिलिप लॉकवूड यांनी तिचा आराखडा केला आणि १८९० ते १८९७ या काळात ती उभी राहिली.

हे सगळं आधी वाचलेलं होतं. तरीही समोर उभा राहिल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. नजर एका कमानीवर ठरतच नाही. ती पुढच्या कमानीवर घसरते, तिथून पुढच्या, आणि शेवट धुक्यात जातो. कमानीच्या पोटात जाळी आहे, वेलीला चढायला बांबूचा मांडव करावा तशी आडवीतिडवी. मध्यावर चेहरे आहेत: कुठे दाढीवाला समुद्रदेव नेपच्यून, कुठे अफ्रोडायटी.

आता खरं सांगायचं तर पहिल्या नजरेला दिसली ती दुर्दशा. रंगाचे पापुद्रे सुटलेले, सांध्यांतून तांबडे ओघळ उतरलेले, जाळीच्या पट्ट्या कुठे गायब, कुठे तारेने बांधून ठेवलेल्या. सगळीकडे कुंपण. गेली दहा-बारा वर्षं वरच्या पदपथावर माणूस चाललेला नाही.

एका नेपच्यूनच्या जितकं जवळ जाता येईल तितकं गेलो आणि लेकीच्या फोनने त्याचा फोटो मोठा करून बघितला. दाढीच्या बटा दिसतच नव्हत्या. गालाची हाडं, भुवया, सगळं गुळगुळीत, एखाद्या गावच्या देवाला पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावून झालेलं असावं तसं. रंगावर रंग, रंगावर रंग. एका कोपऱ्यात मात्र थर पूर्ण सुटला होता आणि तिथे मूळ बीड उघडं पडलं होतं. चार बटा, धारदार, आणि त्यांच्या कडेने केसाएवढी एक उभी रेघ.

ती रेघ बघून माझ्या पोटात काहीतरी हललं. ती पार्टिंग लाइन. वाळूची पेटी दोन अर्ध्यांची असते, वरची आणि खालची. दोन्ही जुळतात तिथे कास्टिंगवर बारीक कंगोरा उमटतो. तो घासून काढणं फेटलिंगवाल्याचं काम. याने घासला होता, पण दाढीच्या खाचेत त्याची कानस पोचली नव्हती. किंवा पोचत होती, पण एवढ्या उंचावर कोण बघणार असं म्हणून त्याने पुढचा नग उचलला असेल. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा आळस मी वाचत होतो.

"पण बाबा," लेक म्हणाली, "एकाच साच्यातून काढलेले चेहरे ना हे? मूर्तीसारखं एकेक कोरलेलं नाही. मग याचं एवढं काय?"

प्रश्न माझाच होता, तिच्या तोंडून आला एवढंच. उत्तर मला तिथे उभ्या उभ्या सुचत गेलं. कोरीव दगडाचं मोल त्या एका दगडात असतं. बिडाचं तसं नाही. एक कमान सुटी काढून संग्रहालयात ठेवली तर ती बागेच्या फाटकासारखी दिसेल. इथे कलाकृती आहे ती रांग. एकच गोष्ट १५१ वेळा, न चुकता, समुद्राकडे तोंड करून. लॉकवूडने चित्र एका कमानीचं काढलं असेल, पण बांधलं ते अंतर.

२०१७ मध्ये लोकांनी वर्गणी काढली तेव्हा चार लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. मोठीच रक्कम. त्यात कमानी दुरुस्त होणार होत्या तीन. १५१ पैकी तीन! फोनवर मी हसलो होतो तो याच आकड्याला. इथे आल्यावर हसू आलं नाही, पण हिशोब तोच राहिला. तीन कमानी चकचकीत आणि उरलेल्या पडक्या असं झालं तर त्याला रांग म्हणत नाहीत. पुढे २०२० मध्ये या कामाचा वारसा-दर्जा ग्रेड टू वरून ग्रेड टू स्टार झाला. इंग्लंडमध्ये तीन पायऱ्या आहेत आणि ही वरून दुसरी. आता पहिल्या टप्प्यात २८ कमानी हाती घेतल्या आहेत. तो भाग पत्रे ठोकून झाकलेला होता. फटीतून डोकावलो तर आत भिंत उघडी आणि कमानींची जागा मोकळी दिसली. कास्टिंग उतरवून दुरुस्तीला नेलेली.

उतरवून नेल्याशिवाय गत्यंतर नसतं, कारण बीड हे जागेवर वेल्डिंग करून सांधायचं काम नव्हे. त्यात कार्बन दोन ते चार टक्के, म्हणून ते वितळल्यावर पाण्यासारखं वाहतं आणि बारीक नक्षी पकडतं. पण तोच कार्बन त्याला ठिसूळ करतो. एका जागी उष्णता दिली की शेजारी तडकतं. मग सगळा नग भट्टीत सावकाश तापवायचा, तापलेलाच सांधायचा आणि अधिकच सावकाश गार करायचा. नाहीतर तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून धातूच्या कुलपांनी तो थंडच शिवायचा. होय, शिवायचा, कारागीर त्याला टाके घालणंच म्हणतात.

आणि जो नग संपलाच आहे, तो नव्याने ओतायचा. इथे माझ्या धंद्याची गोम आहे. वितळलेलं बीड गोठून गार होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणून पॅटर्न मोठा करावा लागतो. आमची मोजपट्टीच वेगळी असायची: तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा अष्टमांश इंच लांब. नवखा पोरगा चुकून साधी पट्टी उचलायचा आणि अख्खा पॅटर्न फुकट जायचा. आता समजा कोणी शहाणपणा केला, जुनी जाळीच पॅटर्न म्हणून वाळूत दाबली आणि तिची नक्कल काढली. तीन फुटांची पट्टी तीन अष्टमांश इंच आखूड निघेल. भोकाला भोक जुळणार नाही. शिवाय जुन्या रंगाचे सगळे थरही इमानेइतबारे ओतले जातील. बिनबटांचा नेपच्यून मग कायमचा बिनबटांचा. तेव्हा रंग काढायचा, मूळ आकार मोजायचा, लाकडात नवा पॅटर्न मोठ्या मापाने घडवायचा. वेळ आणि पैसा जातो तो इथे. रंगसुद्धा काढायचा तर सरसकट खरवडायचा नाही. एखादा ढलपा सूक्ष्मदर्शकाखाली आडवा कापून बघतात, झाडाच्या खोडातली वर्षं मोजावीत तसे त्यात रंगांचे थर मोजता येतात. सगळ्यात खालचा तो पहिला रंग.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन तिथून जात होते. मला फटीतून डोकावताना बघून थांबले. लहानपणी वरच्या पदपथावरून मोटारींच्या शर्यती बघायला गर्दी व्हायची असं म्हणाले. खाली मदिरा ड्राइव्हवर गाड्या पळायच्या आणि वर लोक कठड्याला पोट लावून उभे. मी विचारलं, पुन्हा वर जायला मिळेल का? "मला नाही," ते म्हणाले आणि कुत्र्याकडे बोट केलं, "याला कदाचित."

बीड इथे का आलं हेही बघण्यासारखं आहे. १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली आणि ब्रायटनला माणसांची रीघ लागली. त्यांना फिरायला जागा हवी, पाऊस आला तर आडोसा हवा, आणि हे सगळं पटकन हवं. बिडाचं काम कारखान्यात व्हायचं आणि जागेवर येऊन बोल्ट आवळले की उभं राहायचं. एक पॅटर्न केला की पहिल्या कमानीचा खर्च पुढच्या दीडशेंवर वाटला जातो. गरिबाघरच्या माणसालाही राजवाड्याची नक्षी बघत चालता यावी, हे या पॅटर्नमुळेच परवडलं. हे माझं मत; लेकीच्या मते मी माझ्या धंद्याची बाजू घेतोय.

कमान हा आकारही बिडाला शोभतो. बीड दाबाला दणकट, ताणाला कच्चं. कमानीत सगळा भार दाबत दाबत खाली उतरतो. याच किनाऱ्यावर, थोडं पश्चिमेला, आधी साखळ्यांवर लटकवलेला धक्का होता, सॅम्युअल ब्राऊन यांनी १८२३ मध्ये बांधलेला चेन पिअर. तिथे ताण होता, म्हणून साखळ्या घडीव लोखंडाच्या. डिसेंबर १८९६ मधल्या एका वादळात तो वाहून गेला. टेरेसचं काम तेव्हा संपत आलेलं होतं. त्या सकाळी तिथल्या कामगारांनी समोर काय बघितलं असेल याची मी कल्पना करत होतो, तेवढ्यात हिने वरून हाक मारली की पाय गारठले.

भिंतीवरची झाडीही सोडवत नाही. १८७२ मध्ये, म्हणजे कमानींच्याही आधी, इथे जपानी स्पिंडलची झुडपं लावली. ती भिंत चढत गेली आणि अजून हिरवी आहेत. कमानी नंतर आल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. बिडाच्या कमानींपेक्षा झुडूप जास्त टिकाऊ निघालं याची मला जरा लाजच वाटली.

परत येताना टेरेसच्या पश्चिमेच्या टोकाकडून व्होल्क्स इलेक्ट्रिक रेल्वे दिसली. म्हणजे तिचे रूळ. हिवाळ्यात गाडी बंद. १८८३ पासूनची ही गाडी जगातली सगळ्यात जुनी अजून धावणारी विजेची रेल्वे. खेळण्यासारखी आहे. हिला टेरेसपेक्षा तीच आवडली.

तिसरा दिवस

पाऊस. आडवा पाऊस. छत्री उघडली आणि उलटली. लेकीची यादी जिंकली आणि आम्ही राजवाड्यात, रॉयल पॅव्हेलियनमध्ये गेलो. समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर.

बाहेरून घुमट आणि मिनार, हिंदुस्थानी थाट, आतून चिनी. वास्तुविशारद जॉन नॅश यांनी १८१५ पासून पुढे काही वर्षांत राजपुत्रासाठी, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जसाठी, जुन्या घराचा हा नवा अवतार केला. पहिल्या महायुद्धात इथे जखमी हिंदी सैनिकांचं रुग्णालय होतं. त्या दालनातले फोटो बघताना ही फार वेळ थांबली. झुंबरांखाली ओळीने खाटा.

मी थांबलो ते जिन्यापाशी. बांबूचा जिना. बांबूच्या पेरांना गाठी, दोरीने बांधल्यासारखे सांधे, फिकट पिवळा रंग. मी सवयीने कठड्याच्या नळीला नखाने टिचकी मारली. टिण्ण. बीड! हाताखालची पट्टी तेवढी महोगनीची, तीही बांबूसारखी कोरलेली. मी मोठ्याने हसलो तेव्हा तिथल्या पहारेकरी बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि नम्रपणे सांगितलं की हात लावू नये. बरोबरच आहे.

पुढे स्वयंपाकघरात छत पेलणारे उंच सडपातळ खांब आहेत, माडाची झाडं असल्यासारखे. वरच्या झावळ्या तांब्याच्या, खोड लोखंडाचं. एवढे बारीक खांब दगडात शक्यच नव्हते. म्हणजे मदिरा टेरेसच्या पाऊणशे वर्षं आधी याच गावात, समुद्रापासून चार पावलांवर, बीड कधी बांबू होऊन, कधी माड होऊन उभं होतं. टेरेसची जाळी वेलीच्या मांडवासारखी का दिसते याचं कोडं मला इथे जरासं उलगडलं. बिडाला स्वतःचं रूप नाही. ते पॅटर्नचं रूप घेतं, आणि पॅटर्नवाल्याच्या मनात झाड असतं.

दुपारी पाऊस ओसरला तेव्हा पंधरा-वीस मिनिटांची आगगाडी धरून लुईसला गेलो. हा हट्ट माझा. तिथे ऊस नदीच्या काठाला जॉन एव्हरी यांची फिनिक्स फाउंड्री होती आणि या किनाऱ्यावरचं कितीतरी बीडकाम तिथून गेलं. भट्टी केव्हाच विझली. रस्त्याला फिनिक्स कॉजवे हे नाव तेवढं उरलंय. पण फुटपाथवर मान खाली घालून चालत गेलो आणि एका झाकणावर ते सापडलं: एव्हरी, लुईस. ओलं झाकण, अक्षरांत चिखल. रुमालाने पुसलं. अक्षरं पॅटर्नवर उलटी नाही, सुलटीच बसवावी लागतात. वाळूत उलटी उमटतात, बिडात पुन्हा सुलटी. मी शिकाऊ असताना पहिल्याच पाटीवर अक्षरं उलटी बसवली होती. मिस्त्रींनी ती पाटी महिनाभर माझ्या टेबलासमोर टांगून ठेवली. हे हिला मी शंभरदा सांगितलंय, तिथे एकशे एकाव्यांदा सांगितलं.

स्टेशनकडे परतताना एका घरासमोरच्या बुटक्या भिंतीवर ओळीने लोखंडाचे गोल ठिपके दिसले, दगडात शिशाने पक्के केलेले, वरून सपाट कापलेले. लेकीला वाटलं ती नक्षी आहे. ती कठड्याची मुळं होती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने घरांपुढची, बागांची लोखंडी कुंपणं देशभर कापून नेली, युद्धसामग्रीसाठी वितळवायला. भंगाराचा माझा सिद्धांत सरकारी हुकमाने अमलात आला म्हणायचं. भिंत दात पाडलेल्या हिरडीसारखी दिसत होती.

चौथा दिवस

स्वच्छ ऊन, आणि थंडी अशी की नाक जाणवेना.

आज पश्चिमेकडे. पहिला थांबा बँडस्टँड, १८८४ मधला. हाही लॉकवूड यांचाच आराखडा. आठ बाजू, सडपातळ खांब, मध्ये कमानी, डोक्यावर घुमट. लोक त्याला पिंजरा म्हणायचे, पक्ष्यांचा. तोही मोडकळीला आला होता. २००९ मध्ये पूर्ण दुरुस्त झाला. इथे मला कळलं की टेरेस नीट झाली तर कशी दिसेल. जाळीची प्रत्येक कड वेगळी, पानाच्या शिरा मोजता येतात. आत एका नवविवाहित जोडप्याचे फोटो चालले होते. नवरी उघड्या खांद्यांनी कुडकुडत होती आणि फोटोपुरती हसत होती.

मी एका खांबाला नाणं लावलं. वाजला. पण नवा की जुना, ते माझ्या कानाला नाही सांगता आलं. लेक म्हणाली, "मग झालं तर. चांगलं काम केलंय." मला ते एवढं साधं वाटत नाही. नव्या पॅटर्नमधून नीट ओतलेल्या नगाला मी खोटं म्हणणार नाही. १८८४ चा दुसरा खांब पहिल्या खांबाची नक्कलच होता की. बिडाच्या धंद्यात मूळ प्रत म्हणजे लाकूड, आणि ते लाकूड बहुतेक वेळा कोणीतरी जाळून शेकलेलं असतं. पण परवाच्या दाढीतली ती रेघ नव्या नगात नसेल. म्हणून जुना नग टाके घालून वाचत असेल तर आधी वाचवावा, आणि नवा ओतलाच तर त्याच्या पाठीवर, कोणाला दिसणार नाही अशा जागी, साल ओतावं. आम्ही ओतायचो. पुढच्या पॅटर्नमेकरची फसगत नको.

पुढे वेस्ट पिअर. युजिनियस बर्च यांनी बांधलेला, १८६६ मध्ये उघडलेला. खांबांना खाली आटे होते; स्क्रू पिळावा तसे ते समुद्राच्या तळात पिळून उतरवले होते. वर दिव्यांच्या खांबांना वेटोळे घातलेले साप, पॅव्हेलियनच्या सजावटीवरून घेतलेले. १९७५ मध्ये तो बंद झाला. १९८२ मध्ये त्याला सर्वोच्च, ग्रेड वन दर्जा मिळाला. दर्जा मिळाल्यावरही वीस वर्षं तो गंजतच राहिला आणि २००३ मध्ये दोनदा पेटला. आता समुद्रात नुसता सांगाडा उभा आहे, किनाऱ्यापासून तुटलेला. फाटलेल्या जाळ्यासारखा.

काठावर त्याचे उचलून आणलेले काही खांब गोट्यांवर चक्राकार उभे केलेत. शेजारी आय ३६० चा १६२ मीटरचा मनोरा, आणि त्याच्या पायथ्याशी बर्चच्या जुन्या टोलनाक्यांसारखी हुबेहूब नवी बांधलेली दोन छोटी घरं. एकाच नजरेत तीन उत्तरं: जुनं तसंच मरू दिलेलं, जुनं उचलून शिल्प केलेलं, जुन्याचं नवं केलेलं. मला मधलं सगळ्यात कमी पटलं. भार नसलेला खांब म्हणजे निवृत्त माणूस. असो, मी काय बोलणार.

ओहोटी होती. सांगाड्याच्या दिशेने जितकं जाता येईल तितकं गोट्यांवरून खाली गेलो. पायाशी एक तुकडा सापडला, सुपारीच्या खांडासारखा, काळपट, एका बाजूला तांबडा. गोटा समजून उचलला तर वजन फसवं: दगडापेक्षा हलका वाटला. नाण्याने ओरखडा काढला. चक्क खडूसारखा खरवडला गेला आणि नाणं काळं झालं.

हे पुस्तकात वाचलं होतं, हातात कधी आलं नव्हतं. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं पडलेल्या बिडातलं लोखंड हळूहळू विरघळून जातं आणि त्यातलं ग्रॅफाइट मागे राहतं, गंजाने धरून ठेवलेलं. आकार तोच राहतो. नक्षी तीच, भोकं तीच, रंग लावला तर रंगही धरेल. ताकद मात्र गेलेली. पहिल्या दिवशीच्या तिसऱ्या खांबात रंगाखाली जे भुसभुशीत लागलं तेही यातलंच असावं. म्हणून किनाऱ्यावरच्या बिडाला नुसतं बघून पास करता येत नाही. ठोकून बघावं लागतं, आणि वेळेवर.

चार वाजायला आले आणि सांगाड्यावर साळुंक्यांसारखे पक्षी जमू लागले. स्टारलिंग. आधी पाच-पन्नास, मग हजारोंनी. काळ्या धुराचा लोट वळावा तसा थवा वळत होता, पातळ होत होता, पुन्हा दाट. कठड्याला माणसांची रांग लागली, सगळे फोन वर करून. मग एकाएकी कोणीतरी चाळणीतून गाळल्यासारखा सगळा थवा सांगाड्यात उतरला आणि प्रत्येक गंजलेल्या पट्टीवर पक्षी बसला. पिअर पुन्हा भरलेला दिसत होता.

"याला दुरुस्त करायला नको आता," लेक हळूच म्हणाली.

मी उत्तर दिलं नाही. हिच्या पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं आणि त्या तुकड्याने रेघ ओढली. करडी, मऊ, टू-बी पेन्सिलीसारखी. मग त्याच रेघेला दोन पाय दिले, वर वळण दिलं, आत आडवीतिडवी जाळी. एक कमान झाली. शेजारी दुसरी. तिसऱ्या कमानीच्या निम्म्यात तुकड्याचा भुगा होऊन बोटांत उरला.

"हिशोबाची वही आहे ती," ही म्हणाली. तिने पानावर फुंकर मारली, वही मिटली आणि पिशवीत टाकली.